पुतळ्याखालची ओळ

शिरूरच्या बागेत पंडित बन्सीधर निमोणकरांचा पुतळा बसवायचं ठरलं आणि गावाला एकदम शास्त्रीय संगीताचा पुळका आला. बन्सी जिवंत असताना याच गावात त्याच्या बैठकीला सतरा माणसं आली होती, आणि त्यातली पाच मांडववाल्याची होती. आता जो तो 'आपले पंडितजी' म्हणून छाती पुढे काढत होता. निमोणकर हे नावसुद्धा त्याचं त्यानंच लावून घेतलेलं. घरचं आडनाव गाण्याला शोभत नाही म्हणाला, आणि गावाचं नाव चिकटवून मोकळा झाला.

पुतळा फायबरचा, वरून ब्राँझचा रंग मारलेला. डाव्या हाताला ओपन जिम, उजव्या हाताला तोंड उघडून बसलेला कचराकुंडीचा ससा आणि मधोमध बन्सी. शिल्पकारानं तंबोरा वीणेसारखा आडवा दिला होता. मी समितीला सांगितलं, तर एक जण म्हणाला, "आप्पा, लोकांला काय कळतंय त्यातलं?" ते मात्र खरं होतं, त्यामुळे तंबोरा आडवाच राहिला.

मी हौशीराम. पोस्टात नोकरी केली आणि एकतीस वर्षं बन्सीच्या मागे बसून तबला वाजवला. समितीनं मला 'ज्येष्ठ साथीदार' असं नाव देऊन पहिल्या रांगेतली खुर्ची कबूल केली होती. चौथऱ्याला काळा ग्रॅनाइट लागणार होता आणि त्यावर सोनेरी अक्षरांत पंडितजींची सगळ्यात गाजलेली बंदिश कोरायची होती. रेडिओवर वाजवून वाजवून लोकांच्या तोंडात बसलेली मुलतानीतली चीज:

घाट न सूझे सांझ भई, कौन उतारे पार
बन्सीरंग के द्वार खडी, बिनती सुनो हमार

हीच चीज समितीनं निमंत्रणपत्रिकेवरही छापली. आणि ती पत्रिका बघून दौंडहून शिरीन माझ्या दारात आली.

शिरीन म्हणजे सुभानची मुलगी. पन्नाशीला टेकलेली, दौंडला घरीच ब्लाउज शिवते, बोटांना सुयांच्या खुणा. सुभान गेल्यापासून मी तिला दोनदा का तीनदा पाहिली असेल. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. पर्समधून पत्रिका काढून तिनं माझ्यासमोर धरली.

"मामा, ही चीज अब्बांची हाय."

"कोण म्हणतं?" मी विचारलं. असं विचारायला तोंड धजावलं कसं, याची आजही लाज वाटते.

"अम्मी म्हणायची. मरंस्तोवर म्हणायची. आन् तुम्हालाबी ठाऊक हाय. तुम्ही तवा तिथंच बसलेला असायचा की."

ती भांडायला आली नव्हती, हेच मला जड जात होतं.

"पुतळा पंडितजींचा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आमच्यात पुतळा चालतबी न्हाई, मला नकोच. पर ती दुसरी ओळ हाय ना, तिच्यात अब्बांचं नाव व्हतं. ते काढून पंडितजींचं घातलं कुणीतरी. अब्बांची कबर कच्ची. दोन पावसाळ्यांत सपाट झाली, आता जागाबी दावता येत न्हाई मला. त्यांचं नाव ठेवायला त्या ओळीबिगर दुसरं काय हाय, सांगा? तुम्ही एकल्यानं सांगितलं तर लोक ऐकतील. दुसरं कुणी उरलंच न्हाई."

"बघतो," मी म्हणालो.

ती गेली आणि मी दार लावून घेतलं. 'कुणीतरी घातलं' असं ती म्हणाली होती. तो कुणीतरी मीच.

सुभान वडगाव रासाईचा. चौफुल्याच्या कलाकेंद्रात सारंगी वाजवायचा, लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट. सही करता यायची, त्यापलीकडे अक्षरओळख नव्हती. पण चीज बांधायला बसला की भलेभले तोंडात बोट घालतील असा माणूस. बन्सी बागायतदाराचा मुलगा, पुण्यात रीतसर शिकलेला, आवाज देवाघरचा, पण स्वतःचं म्हणून चार शब्द बांधायचे तर घाम फुटायचा. मग आम्ही दोघं सायकलवर चौफुल्याला जायचो, दुपारी, खेळ सुरू व्हायच्या आत. सुभान पटांगणातल्या बाजेवर बसून बन्सीला चिजा द्यायचा. बन्सीच्या घरी हे कुणाला माहीत नव्हतं. पाटलाचं पोर कलाकेंद्रातल्या सारंगीवाल्याकडे शिकतं, हे कुणी ऐकून घेतलं असतं? समोर शिरीन खेळत असायची, तेव्हा ती सहा वर्षांची होती.

आमच्या गाण्यात एक रीत आहे. ज्यानं चीज बांधली तो अंतऱ्यात, म्हणजे चिजेच्या दुसऱ्या भागात, आपलं नाव ओवतो. तीच त्याची सही आणि तोच सातबारा. गायक बदलतात, गावं बदलतात, पण गाणारा त्या नावापाशी आला की ऐकणाऱ्याला मालक कळतो. 'घाट न सूझे'च्या अंतऱ्यात सुभानचं नाव होतं.

बन्सीला रेडिओवर पहिला कार्यक्रम मिळाला तेव्हा त्याला हीच चीज गायची होती, कारण दुसरी कुठली तिच्या जवळपास येत नव्हती. मला म्हणाला, "हौशा, नाव अडतंय रं. हा सुभान कोण म्हणून विचारलं तर काय सांगू? कलाकेंद्रातला म्हणू?"

नाव बदलणं सोपं नसतं. सुभान हे नाव चार मात्रांचं, बन्सीनं स्वतःला घेतलेलं 'बन्सीरंग' सातांचं. एकाच्या जागी दुसरं ठेवलं तर समेवर ठेच लागते, आणि कान असलेल्या माणसाला लगेच कळतं की इथं काहीतरी उपटून दुसरं लावलंय. म्हणून अख्खी ओळ नवी करावी लागते. बन्सीला ते जमेना. मला जमलं. पोस्टाच्या काउंटरवर बसून, मनिऑर्डरच्या फॉर्मच्या मागे, अर्ध्या तासात. 'द्वार खडी, बिनती सुनो हमार' — लग्नपत्रिकेवर शोभेल अशी मिळमिळीत ओळ, पण मात्रेला मात्रा चपखल. मला त्याचा फार अभिमान वाटला होता. बन्सीनं रेडिओवर तबल्याला मला घेतलं आणि माझं नाव अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकलं. तेवढ्यासाठी मी ते केलं. मन मोठं करून सांगण्यासारखं दुसरं कारण माझ्याकडे नाही.

सुभाननं तो कार्यक्रम चौफुल्याच्या हॉटेलात ऐकला. पुढच्या महिन्यात मी एकटाच गेलो, बन्सी आलाच नाही. सुभाननं चहा मागवला आणि म्हणाला, "ओळ तू बसवलीस न्हवं? बन्सीला न्हाई यायचं ते. चांगली बसवली. मात्रा कुठं गळली न्हाई." एवढंच बोलला. शिव्या दिल्या असत्या तर मी आज एवढा जळलो नसतो. त्यानंतर त्यानं ती चीज कधीच तोंडात घेतली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "आता मी गायलो तर लोक म्हणतील, पंडितजींची चोरली. कशाला?"

पुढे खोकल्यानं खंगून गेला. मी मयतीला गेलो होतो. बन्सीची त्या दिवशी नगरला बैठक होती.

शिरीन येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी मी सत्यजीतकडे गेलो. सत्यजीत बन्सीचा मुलगा, समितीचा अध्यक्ष. सणसवाडीला त्यानं कामगारांसाठी खोल्यांच्या चाळी बांधल्यात. तो मला हाकलून देईल अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. मग शिरीनला सांगता आलं असतं, की बाई, मी केलं माझ्या परीनं.

मी सगळं सांगितलं. चौफुला, बाज, मनिऑर्डरचा फॉर्म, सगळं. तो ऐकत राहिला. मधे दोन फोन आले, ते त्यानं कट केले.

"काका, मला गाण्यातलं ओ का ठो कळत न्हाई," तो शेवटी म्हणाला. "पर दादा जायच्या आधी दवाखान्यात दोनदा म्हणले, सुभानचं ऱ्हायलं. मला वाटलं, काही व्यवहार आसंल. आता कळलं."

मी उठू लागलो, तर त्यानं खूण करून बसवलं.

"कोरणारा गुरुवारी यायचाय, आज शुक्रवार," तो म्हणाला. "मूळची ओळ द्या, तीच कोरू. खाली लिहू, रचना सुभान, वडगाव रासाई. दादांचं नाव वर मोठ्या अक्षरात हायच. पर ओळ मूळची पायजे हां. ओळीत बन्सीरंग आन् खाली सुभान असं लिवलं तर लोक हसतील, आन् त्या सुभानलाच खोटं पाडतील. तुम्हाला येते ना मूळची?"

"म्हंजी काय!" मी म्हणालो. "येते की."

असं म्हणून मी ताठ मानेनं बाहेर पडलो. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती. रस्त्यात शिरीनला फोन करून सांगितलं, तुझ्या अब्बांची ओळ लागणार. ती फोनवरच रडली.

घरी आलो, डग्गा जवळ ओढला, ठेका धरला आणि गुणगुणू लागलो. घाट न सूझे सांझ भई, कौन उतारे पार. दोनदा फिरवलं, तिसऱ्यांदा अंतरा उचलला, आणि तोंडातून आलं, बन्सीरंग के द्वार खडी.

पुन्हा धरलं, तर पुन्हा तेच. चौफुल्याचं पटांगण डोळ्यांपुढे आणलं, सुभानचे पिवळे दात आणले, बाजेची सैल सुंभं आणली, गजाला राळ लावायची त्याची लकब आणली. तो तोंड उघडतो आणि त्यातून माझीच ओळ बाहेर येते. शनिवार गेला, रविवार गेला. सून शितल विचारायला लागली, आप्पा, जेवत का नाही. तिला काय सांगणार?

मी कुठे चुकलो ते मला सोमवारी कळलं. गवई शब्द धरतो, तबलजी सम धरतो. चीज माझ्या हातात होती, तोंडात कधीच नव्हती. सुभानच्या ओळीत कुठे वजन होतं, कुठे श्वास होता, त्याचं नाव कितव्या मात्रेवर यायचं, हे मी आजही डाव्या हातानं दाखवीन. पण त्या जागांवर शब्द कोणते होते? त्यातला एकही मी कधी ऐकलाच नव्हता. मी मात्रा मोजत होतो. आणि मग एकतीस वर्षं, शेकडो बैठकांत, मी माझी स्वतःची ओळ त्याच्या ओळीवर ठोकत बसलो होतो. खालचं सगळं पुसून गेलं होतं.

कुणाला विचारावं? बन्सी गेला. सुभानची बायको खुर्शिद गेली. कलाकेंद्रातली त्या वेळची माणसं कोण कुठे पांगली. लिहून तर कुणीच ठेवलं नव्हतं.

सत्यजीतला जाऊन सांगावं, की आठवत नाही? मग ग्रॅनाइटवर बन्सीरंगच लागणार होतं, कायमचं. शिरीनला सांगावं? फोनवर ती रडली तो आवाज कानातून जात नव्हता. मंगळवारी सकाळी मी कागद घेऊन बसलो. एकदा केलं होतं, पुन्हा करता येईल. सुभानच्या ओळीचं माप माझ्याकडे होतं, त्या मापात शब्द भरायचे होते, बस. माणूस एकदा या कामाला सरावला की हात आपोआप चालतो. दुपारपर्यंत ओळ तयार झाली:

कहत सुभान डोर न छूटे, नाव रहे या जाय

मी ती गाऊन पाहिली आणि मला भीती वाटली, कारण ती चांगली झाली होती. माझ्या पहिल्या ओळीपेक्षा कितीतरी चांगली. सुभानची शोभेल अशी.

बुधवारी एसटीनं निघालो, चौफुल्याला गाडी बदलून दौंडला गेलो. मी शिरीनला सगळं खरं सांगायला निघालो होतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. तिच्यापुढे हात जोडायचे, आधी पहिली चोरी सांगायची, मग विसरलो ते सांगायचं, आणि शेवटी ही ओळ दाखवून विचारायचं, की बाई, ही खोटी आहे, पण हिच्यात नाव आहे, चालेल का. निर्णय तिनं घ्यायचा. चौफुला ते दौंड मी हे सगळं मनात तीनदा घोकलं.

दार उघडताच ती म्हणाली, "ओळ आणली, मामा?"

तिनं मशीन बाजूला सारून मला बसायला जागा केली. शेजारच्या दोन बायका बोलावल्या होत्या. तिची मुलगी सायमा कॉलेज बुडवून थांबली होती, हातात मोबाइल, रेकॉर्ड करायला. ताटलीत खजूर आणि बिस्किटं. मी शिरीनला विचारलं, "तुला काही आठवतंय का गं? एखादा शब्द तरी?"

"न्हाई ओ. लई लहान व्हते मी. आवाज तेवढा आठवतो, बोल कायबी न्हाई. म्हणूनच तर तुमची वाट बघत बसले." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "म्हणा."

शब्द मागितला तर ती देऊ शकत नव्हती आणि मी तोंड उघडून खरं सांगू शकत नव्हतो. मी मांडीवर ठेका धरला आणि म्हटलं. एकदा, मग तिनं मागितलं म्हणून आणखी एकदा.

शिरीननं डोळे मिटून घेतले. तिचे ओठ हलले. सुभानच्या नावापाशी तिनं छातीवर हात ठेवला आणि ती म्हणाली, "हीच. या अल्ला, हीच ती."

तेव्हासुद्धा बोलायला वेळ होता. शेजारणी डोळे पुसत होत्या. मी एक खजूर तोंडात घातला.

गुरुवारी ओळ कोरली गेली. सत्यजीतनं शब्द पाळला, खाली रचनाकार म्हणून सुभानचं नाव घातलं, गावासकट. त्याच्यावर रागवायला मला जागाच उरली नाही.

पुढच्या रविवारी अनावरण झालं. हार, फेटे, सत्काराच्या शाली, पुढाऱ्यांची भाषणं, आणि प्रत्येकानं शास्त्रीय संगीतावर कपाळावर आठी घालून चार वाक्यं बोलायची, असा सगळा तमाशा. सत्यजीतनं व्यासपीठावर शिरीनला बोलावलं. ती काळ्या बुरख्यात आली होती, चेहरा उघडा. पुतळ्याकडे तिनं पाहिलंच नाही. खाली वाकून ग्रॅनाइटवरच्या 'सुभान' या अक्षरांवरून तिनं बोट फिरवलं. मग सत्यजीत म्हणाला, ताई, दोन शब्द बोला. ती कधी माइकसमोर उभी राहिली नव्हती.

"मला बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "ही ओळ अब्बांची हाय, एवढंच सांगते. मी सहा वर्षांची व्हते. चौफुल्याला पटांगणात बाज असायची. अब्बा मला मांडीवर घिऊन हीच ओळ म्हणायचे. डोर न छूटे म्हणताना माझी वेणी धरून वढायचे. मी हसायचे. मला अजून तसंच्या तसं आठवतंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. बुधवारी तिला एक शब्दही आठवत नव्हता. ती खोटं बोलत नव्हती, मी तिचा चेहरा बघत होतो. बाप, मांडी, वेणी, सगळं खरं असेल, आणि त्या सगळ्यात तिनं माझा मंगळवारचा कागद नेऊन बसवला होता. सुभाननं तिला मांडीवर घेऊन जे काही खरोखर म्हटलं असेल, ते तिच्यात कुठे तळाशी आवाजाच्या रूपानं उरलं होतं. तेही मी बुजवून टाकलं. बन्सीसाठी मी सुभानचं नाव काढलं होतं, आता नावासाठी मी सुभानच काढून टाकला.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्यापाशी आली. सायमाला पुढे करून म्हणाली, "मामा, हिला शिकवा ना ही चीज. घरात ऱ्हाईल. तुमच्याशिवाय खरी कुणाला येते?"

पोरगी मोबाइल काढून उभी होती.

"पाठव," मी म्हणालो. "रविवारचं पाठव."